झुडपातला क्लॅरिनेट

बोलपट आले आणि कपडेपटातून सगळ्यात आधी हद्दपार झाली ती खळ.

त्याआधी दहा वर्षं त्या कंपनीत मुके सिनेमे निघत होते आणि टाचणी तिथे कपडे शिवत होती. टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. काडीसारखा बांधा, ओठांत सदा चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं कमी आणि जे काही बोलेल ते टोचणारं. कुणीतरी गमतीनं नाव ठेवलं आणि ते चिकटलं. वडिलांचं आजारपण काढता काढता तिचं लग्नाचं वय निघून गेलं होतं. ते गेले, आणि चाळिशीला टेकलेली टाचणी दादा-वहिनींकडे राहू लागली.

मुक्या सिनेमात कापड दिसायला झोकदार असलं की काम भागायचं. झगे खळ घालून फुलवायचे, कडक रेशीम लावायचं, कमरेला मण्यांची झालर सोडायची. आता स्टुडिओत मायक्रोफोन आला आणि पाठोपाठ ध्वनिमुद्रक आला. हा गृहस्थ काचेच्या खोपटात कानांना यंत्र लावून बसायचा. दिग्दर्शकसुद्धा त्याला वचकून असे. सगळे त्याला कानसाहेब म्हणत. पहिल्याच दिवशी नायिका चार पावलं चालली आणि कानसाहेब खोपटातून डोकं काढून विचारते झाले, की इथे वर्तमानपत्र कोण फाडतंय? तो नायिकेच्या झग्याचा घोळ होता.

झालं. खळ गेली, रेशीम गेलं, मणी गेले. टाचणीनं सगळी कापडं धुऊन धुऊन मऊसूत केली, बुटांच्या तळांना जाड लोकर चिकटवली. त्या कटकटीचं तिला वाईट मात्र वाटलं नाही. कारण आता दिवसभर भिंतीपलीकडून गाण्यांच्या तालमी ऐकू यायच्या आणि सुई आपोआप त्या तालावर चालायची.

तिसऱ्या बोलपटात बागेतलं गाणं होतं. नायिका बाकावर बसून गाणार आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी क्लॅरिनेट तिला उत्तर देणार. त्या काळी गाणं आणि चित्र एकाच वेळी, एका दमात घ्यावं लागे. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. मायक्रोफोन एकच, तोही बाकामागच्या फुलांत लपवलेला. बाकीचे वादक कॅमेऱ्यामागे बसले तरी चालत होतं, पण क्लॅरिनेट तिथून विहिरीतून बोलल्यासारखा येत होता. तेव्हा दिग्दर्शकानं फर्मान काढलं, की क्लॅरिनेटवाल्यांना बाकाशेजारच्या झुडपात बसवा आणि टाचणीबाईंनी त्यांना पानांचा अंगरखा शिवून द्यावा.

क्लॅरिनेटवाले पन्नाशीचे, एकटे, शांत स्वभावाचे गृहस्थ. मुक्या सिनेमाच्या दिवसांत ते थिएटरात पडद्यासमोर बसून वाजवत. कुणाच्या अध्यात ना मध्यात. टाचणीशी त्यांचं बोलणं आजवर नमस्कारापलीकडे गेलेलं नव्हतं.

कागदाची पानं खसखसली असती, म्हणून तिनं जुन्या सुती चादरी हिरव्या रंगवून अडीचशे पानं कापली. अंगरखा अंगावर बेतायला म्हणून एका सकाळी ते कपडेपटात आले. ती पाठीमागून डावा खांदा मोजत होती. “हात वर करा,” ती म्हणाली. ते खिडकीबाहेर बघत उभे राहिले. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. हात काही वर होईनात. शेवटी तिच्या काखेतली मोठी कात्री सटकून फरशीवर आदळली. शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला, पण क्लॅरिनेटवाल्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

 टाचणीचे वडील कान गेल्यावर शेवटची दोन वर्षं असेच खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. ती वळसा घालून त्यांच्यासमोर आली, ओठांतल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि तोंड नीट दिसेल अशा बेतानं सावकाश म्हणाली, “हात वर करा.” त्यांनी लगेच केले. वर छान हसलेही.

दुपारी झुडपात बसून तालीम झाली आणि सगळा विचका झाला. पहिल्या ओळीला क्लॅरिनेट उशिरा आला, दुसऱ्या ओळीला नायिकेच्या गाण्यावर चढला, तिसऱ्यांदा आलाच नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आवाज नको म्हणून पंखे बंद, वरून दिव्यांची धग. नायिकेचा चेहरा घामानं निथळत होता. संगीतमास्तर वयानं आणि मानानं मोठे, पण त्यांचाही तोल गेला. सगळ्यांदेखत ते म्हणाले, की उद्या सकाळी एकदा बघू, नाहीतर दुसरा माणूस बोलावू.

तासाभरानं क्लॅरिनेटवाले अंगरखा घडी करून कपडेपटात घेऊन आले. दुसऱ्याच्या मापाचा करावा लागेल, म्हणून आताच देतो म्हणाले.

टाचणीनं अंगरखा घेतला नाही. त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि विचारलं, “कधीपासून ऐकू येत नाही?”

 हातातल्या पानांशी चाळा करत त्यांनी सांगितलं. दोन वर्षं झाली. डावा कान जवळजवळ गेलाच होता, उजव्यानं जवळचं, मोठ्यानं बोललेलं तेवढं कळायचं. स्वतःचं वाजवणं त्यांना दातांतून, जबड्यातून समजत होतं, त्यामुळे सूर कधी चुकला नाही. आणि दुसऱ्याचं गाणं ते बघून ओळखायचे. माणूस श्वास घेतो तेव्हा खांदे उचलतात, ओळ संपते तेव्हा मान सैल होते. एवढं दिसलं की पुरे. पण झुडपातून हिरव्याशिवाय काहीच दिसत नव्हतं.

“मास्तरांना सांगायचं नाही का?”

“सांगितलं तर उद्यापासून घरी. वाजवण्यावाचून मला दुसरं काय येतं?”

टाचणीनं थोडा विचार केला. तिला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते गाणं पंधरा दिवस भिंतीतून ऐकून तिला श्वासासकट पाठ झालं होतं. ती उठली, काजांना वापरतात तो जाड दोरा तिनं मेणावरून ओढून घेतला आणि म्हणाली, “उद्या डाव्या पायातला बूट काढून बसा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दिग्दर्शकाला गाठलं. नायिकेच्या झग्याचा घोळ झुडपाला घासून आवाज होतो, तेव्हा बाकामागे लपून मी तो धरून बसते, असं तिनं बजावलं. खोटं बोलण्याची सवय नसल्यामुळे तिचे कान लाल झाले, पण कानसाहेबांनीच तिची बाजू घेतली. आवाजाची काळजी असणारी एक तरी व्यक्ती या इमारतीत आहे, असं ते म्हणाले.

अशी ती बाकामागे दबून बसली. एका हातात झग्याचा काठ, दुसऱ्यात दोरा, आणि दोऱ्याचं दुसरं टोक झुडपातल्या एका पायाच्या अंगठ्याला. पंखे बंद झाले. घंटा झाली. गाणं सुरू झालं.

पहिली ओळ संपता संपता तिनं दोरा हलकेच ओढला आणि क्लॅरिनेट असा आला, जणू नायिकेच्याच गळ्यातून पुढे निघाला. दुसरी ओळ. तिसरी. पहिलं कडवं पार पडलं, दुसरंही. टाचणीच्या नाकावरून घाम ओघळत होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटचं कडवं सुरू झालं तसा दोरा त्या खोट्या झुडपाच्या सांगाड्यातल्या तारेत अडकला. तिनं जरा जोर लावला. तो तुटला.

उरल्या होत्या चार ओळी. विचार करायला वेळ नव्हता. तिनं सुती पानांतून हात आत घातला, चाचपडत त्यांचा घोटा शोधला आणि ओळ संपली तसा घट्ट दाबला. क्लॅरिनेट आला. तिनं हात काढला नाही. चारही ओळी तशाच झाल्या. शेवटचा सूर तर त्यांनी इतका लांबवला, की नायिका खरोखरच मान वळवून झुडपाकडे बघू लागली. दिग्दर्शकाला ते फार आवडलं.

कानसाहेब खोपटातून बाहेर आले. शेवटच्या कडव्यात काहीतरी बारीक हललं म्हणाले. मग टाचणीकडे एकवार बघून त्यांनी स्वतःच सांगितलं, की बागेत पान हलायचंच, राहू दे.

त्या दिवशी कंपनीत सगळे खूश होते. टाचणीही होती. म्हणूनच दुसऱ्या दिवशी क्लॅरिनेटवाले आपणहून मास्तरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून आले, हे कळल्यावर तिचं डोकं फिरलं. एवढा खटाटोप कशासाठी केला, असं तिनं त्यांना तोंडावर विचारलं.

“पुढच्या गाण्यात तुम्ही कुठे लपणार?” ते म्हणाले. “आणि त्याच्या पुढच्या? तुमची मान आखडली होती काल, मी पाहिलं.”



मास्तरांच्या खोलीत झालं होतं ते असं. आपण चारचौघांत बोललो ते त्यांना लागलं असावं. मग त्यांनी विचारलं, की नायिका तिसऱ्या ओळीला दमते ती का? क्लॅरिनेटवाले म्हणाले, ती खांद्यानं श्वास घेते, पोटानं घेत नाही. मास्तरांनी तिथल्या तिथे नायिकेला बोलावणं पाठवलं. नव्या बोलपटांत नट-नट्यांना गावं लागत होतं आणि श्वास कुठे घ्यायचा हे एकालाही ठाऊक नव्हतं. हे गृहस्थ नुसत्या डोळ्यांनी ते ओळखत होते. महिन्याभरात त्यांना स्वतंत्र खोली मिळाली. आरशासमोर नट उभे करून ते दिवसभर त्यांचे खांदे बघत. क्लॅरिनेट मात्र त्यांनी पेटीत ठेवला. त्याचं दुःख झालं नाही असं नाही. पहिले काही दिवस ते दुपारचे कपडेपटात येऊन नुसते बसत, आणि टाचणी टाचण्या बाजूला ठेवून शिवत असे.

बोलपट लागला तेव्हा एका रविवारी दुपारी दोघं तो बघायला गेली. बागेतल्या गाण्याला लोकांनी एवढ्या टाळ्या पिटल्या, की पुढचा संवाद कुणालाच ऐकू आला नाही. बाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, की कसं झालं होतं. एरवी मोजून चार शब्द बोलणारी टाचणी त्यांच्या उजव्या बाजूला आली आणि भर रस्त्यात, मोठमोठ्यानं, पहिल्या ओळीपासून सांगत सुटली. कुठे क्लॅरिनेट लाजल्यासारखा आला, कुठे शेजारच्या बाईनं डोळे पुसले, सगळं. माणसं वळून बघत होती.

तिच्या घराच्या वळणावर ते थांबले. 

“माझ्या खोलीला मोठी खिडकी आहे,” ते म्हणाले. “शिवणाचं मशीन तिथे सहज बसेल.”

“उजेड डावीकडून येतो का?”

“तुम्ही येऊन बघा.”

पुढच्या रविवारी ती बघून आली. उजेड डावीकडून येत होता. दादाला आधी हे रुचलं नाही. या वयात लग्न म्हणजे लोक काय म्हणतील, वगैरे. पण वहिनीनं त्याला दोन वाक्यांत गप्प केलं. वन्संनी आपल्या घरात कधी वीतभर जागा मागितली नाही, आता त्यांना कुणी अख्खी खिडकी देतंय, तर तुम्ही मध्ये पडू नका, असं ती म्हणाली. मशीन हातगाडीवरून न्यायचं ठरलं तेव्हा वहिनी स्वतः गाडीमागून निघाली, आणि ड्रॉवरमधली बटणं सांडतील म्हणून सबंध रस्ताभर तो ड्रॉवर तिनं पोटाशी धरला होता.