म म्हणजे मागं

मल्हार वाघमोडेची गाडी मधल्या मॉडेलची होती. खालचं मॉडेल घेतलं तर पाहुणे विचारतात आणि वरचं घेतलं तर बँक विचारते, म्हणून निम्मं सोलापूर मधल्या मॉडेलमध्ये फिरतं. मधल्या मॉडेलची गंमत अशी, की स्पीकरच्या जाळ्या त्यालाही वरच्याइतक्याच असतात. कंपनी त्या बाबतीत भेदभाव करत नाही. फक्त वरच्या मॉडेलला प्रत्येक जाळीमागे स्पीकर असतो आणि मधल्याला बऱ्याच जाळ्यांमागे हवा.

त्या हवेवर मल्हारचं आजवर छान भागलं होतं. पण मग आप्पांनी अट घातली.

आप्पा म्हणजे त्याचे वडील, मायाप्पा. सांगोल्याकडच्या वाडीत राहायचे आणि धनगरी ओव्या गायचे. मेंढरांच्या वाटेची एक लांबलचक ओवी होती. कुठल्या आडाला पाणी लागलं, कुठल्या पाटलानं शिवारात उतरू दिलं नाही, सगळं नावानिशी. ती पुरी येणारा माणूस आता एकच उरला होता आणि त्याचा आवाज दर जत्रेला थोडा थोडा खाली बसत होता. गेल्या जत्रेत मल्हारने चांगले माइक आणून निम्मी ओवी रेकॉर्ड केली. तिथवर ठीक. मग त्याने ती आप्पांना फोनवर ऐकवली.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकलं, पटका सारखा केला आणि म्हणाले, “ह्यो माजा ढोल न्हाय. पत्र्याच्या डब्यात कुणीतरी बाभळीच्या शेंगा हलवतंय. ऱ्हायलेली ओवी ऱ्हाऊ दे माज्यापाशीच.”

“आप्पा, फोनचा स्पीकर केवढा आणि ढोल केवढा!”

“मग ढोलायेवढा आन की. ढोल ढोलासारखा ऐकव, मग म्होरलं गातो. न्हायतर मी बी गप, तू बी गप.”

आप्पा गप म्हणाले की गप असायचे. निम्मी ओवी त्यांच्याबरोबर जाणार, हे त्या वाक्यात सगळं आलं.

ढोलाएवढा स्पीकर सापडला वळसंगला, बसूकडे. बसू पॉलिटेक्निकपासूनचा दोस्त. अपघातातल्या गाड्या घ्यायच्या आणि सुटे भाग विकायचे, हा त्याचा धंदा. घरात कन्नड बोलायचा, बाजारात मराठी, आणि शिव्या दोन्हीत द्यायचा, कुणाला परकं वाटू नये म्हणून. मल्हारच्याच गाडीचं वरचं मॉडेल त्याच्या आवारात आलं होतं. ते समोरून चिंचेवर आदळलं होतं. मालक कुणी बापूसाहेब होते, ते बचावले होते. चिंचेलाही काही झालं नव्हतं. आणि आवाजाला तर ओरखडासुद्धा नव्हता. डॅशबोर्डवरचा पडदा, दारातले स्पीकर, मागच्या काचेखालच्या फळीतले दोन आणि डिकीतला तो मोठा, परातीएवढ्या तोंडाचा.

“हे बाजारातलं नव्हे हं,” बसू म्हणाला. “कंपनीनं बसवलेलं. ज्या भोकातून काढलंय त्याच भोकात बसतंय. वायरींना चिठ्ठ्या लावल्यात. तरी मी येऊ काय जोडायला?”

“बसू, अक्कलकोट रोडला टॉवेलाचे अख्खे माग उघडून जोडतो मी. हजारो दोरे. ह्या तुझ्या चार वायरी!”

मल्हारचा स्वतःवर विश्वास होता. तो कशाच्या आधारावर आहे हे त्याने कधी तपासलं नव्हतं, आणि तपासावा लागणारा विश्वास तो काय विश्वास, असा त्याचा विचार होता.

शनिवारी इमारतीच्या पार्किंगमध्ये त्याने दारं सोलली. स्क्रू ठेवायला सुकन्याने पोह्यांची ताटली दिली आणि ती शेजारी खुर्ची टाकून बसली. ती शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे नवऱ्याच्या चुका वाक्य पूर्ण होईपर्यंत न खोडण्याची तिला सवय होती. दुपारपर्यंत जुने स्पीकर निघाले, नवे त्याच भोकात गपकन बसले. बसू खोटं बोलला नव्हता. राहिल्या फक्त अ‍ॅम्प्लिफायरमधून निघणाऱ्या वायरींच्या दोन जुड्या. एकीवर पांढरी पट्टी, बॉलपेनने लिहिलेलं ‘म’. दुसरीवर ‘ह’.

“म म्हणजे काय?” सुकन्याने विचारलं.

“मागं. मागच्या स्पीकरची.”

“मला वाटलं, माग. तुम्हाला सगळीकडे तोच दिसतो. आणि ह?”

मल्हारने जुडी उलटसुलट करून पाहिली. मग त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. “हितं! म म्हणजे मागं, ह म्हणजे हितं. ड्रायव्हरपाशी. बसू आपल्यासारखंच बोलतो की!”

“विचारायचं होतं एकदा त्यांना.”

“दोन अक्षरांसाठी फोन करायचा? इंजिनिअर म्हणवतो मी स्वतःला.”

त्याने जुड्या जोडल्या. किल्ली फिरवताच पडदा उजळला आणि त्यावर अक्षरं आली, ‘वेलकम बापूसाहेब’. ती काही केल्या जाईनात. मल्हारने ती मान्य केली. मग त्याने रस्ता सांगणारी बाई लावून पाहिली, तर ती मागच्या काचेखालून बोलली, “दोनशे मीटरवर उजवीकडे वळा.”

“ही मागं का बसलीय?” सुकन्या म्हणाली.

“महागड्या गाडीत आवाज पसरतो. आणि मागं बसूनच सगळे रस्ता सांगतात.”

सुकन्या वर्गात असती तर अशा उत्तराला तिने मुलाला पाचपैकी पाच दिले असते.

आप्पा डोळे दाखवायला सोलापुरात आलेच होते. रविवारी सकाळी त्यांना वाडीवर सोडायला दोघं निघाले. आप्पा पुढे बसायला तयार नव्हते. “पुढं बसलं की बिरेक मलाच मारावा लागतो,” म्हणाले आणि मागे मधोमध बसले. पडद्याकडे बघून त्यांनी सुकन्याला विचारलं, “काय लिवलंय त्येच्यावर?”

“वेलकम बापूसाहेब, मामा.”

“बरं हाय. शिकलेली गाडी हाय,” म्हणून त्यांनी मांडी घातली.

शहर मागे पडलं तसं मल्हारने ओवी लावली. आधी डिकीतून ढोलाची थाप आली, सीटच्या पाठीतून वर चढली आणि छातीत येऊन बसली. मल्हारचा हात स्टिअरिंगवर सुखावला. आरशात त्याने पाहिलं. आप्पांचा चेहरा कोरडा. मग त्यांनी हळूच मान वळवून मागच्या फळीकडे पाहिलं, जणू तिथे कुणी ओळखीचं उभं होतं.

ते काही बोलणार, इतक्यात ओवी तुटली आणि आप्पांच्या कानामागून कुणीतरी ओरडलं, “मल्हार! लागलं काय रे सगळं?”

आप्पा दचकले. “कोन रं? डिकीत कुणाला घातलंयस?”

“बसूचा फोन आहे, आप्पा.”

“काका, नमस्कार!” डिकी म्हणाली. “मी वळसंगचा बसू.”

“नमस्कार बाबा. दम तर कोंडत न्हाय न्हवं आत?”

“सगळं लागलं, बसू,” मल्हार जोरात म्हणाला. “झकास! म मागं, ह हितं.”

मागच्या काचेखालून बसू किंचाळलाच.

“हितं कुठलं रे? ह म्हणजे हिंदे! मुंदे, हिंदे. म मुंदे, पुढचं. ह हिंदे, मागचं. सगळं उलटं जोडलास की रे, मारुतीचं शेपूट तोंडाला!”

“तू मराठीत लिहिलं होतंस ना पण!”

“अक्षर मराठीच की. वायरी काढताना डोकं घरचं कन्नडच चालतंय. बरं, आता पडद्यावर आवाज मागं ढकल, म्हंजे पुढं येतंय. परवा येऊन नीट करतो.”

फोन बंद झाला. सुकन्या खिडकीबाहेरचा ऊस फार लक्ष देऊन पाहू लागली. संसारात असं लक्ष देऊन ऊस पाहता येणं ही मोठी गोष्ट असते.

मल्हारने गाडी कडेला घेतली. ओवी परत सुरू झाली होती. पडद्यावर बोट मागे सरकवून त्याने आवाज पुढे ओढला. ढोल सरकत आला आणि काचेसमोर उभा राहिला. स्वच्छ, खणखणीत. बापूसाहेबांनी नक्की असाच ऐकला असता.

“काय केलंस रं?” आप्पा म्हणाले.

“दुरुस्त केलं, आप्पा. ढोल पुढं आणला.”

“मागं ने.”

“अहो, पण ती चूक होती.”

“मागं ने म्हनलं की!” आप्पा पुढे झुकले. “जलम गेला माजा ढोल पाठीशी घेऊन गान्यात. ढोल म्होरनं आला म्हंजी समजायचं, आपन बघ्यांत हाय. मागनं आला म्हंजी गानाऱ्या गड्यांत. त्या फोनात तू मला बघ्यांत बसिवलं हुतंस. माजाच ढोल, आनि मी बघ्या! कुनाला खपंल?”

मल्हारने बोट उलटं सरकवलं. ढोल गपगुमान परत मागे गेला. आप्पांनी डोळे मिटले. झील ओढणाऱ्या साथीदारांचा आवाज त्यांच्या पाठीमागून उठला तसं त्यांनी स्वतःच तोंड उघडलं, आणि गाडीत दोन मायाप्पा गाऊ लागले, एक बसलेला, एक फळीवरचा.

एव्हाना मल्हारला त्याचा विश्वास परत सापडला होता. “म्हणूनच तर तसं जोडलं, आप्पा,” तो म्हणाला.

“हो मामा,” सुकन्या उसाकडे बघतच म्हणाली. “कालच म्हणाले, म म्हणजे मागं.”

भीमेचा पूल ओलांडला, मंगळवेढा मागे पडलं. रेकॉर्ड केलेलं संपलं आणि ढोल थांबला. आप्पा थांबले नाहीत. सुकन्याच्या सीटच्या पाठीवर तळव्याने ठेका धरून त्यांनी पुढची ओळ घेतली, कुणीही न ऐकलेल्या एका आडाची. एवढी एकच. मल्हारने फोन काढायला खिशात हात घातला तशी ती त्यांनी मध्येच गिळली.

“हितं न्हाय. मागं ढोल न्हाय, कुनाच्या जिवावर गाऊ? वाडीवर चल. ढोलवाल्या शहाजीला म्हनावं ढोल काढ, झीलवाल्यांस्नी बोलीव. तुजी ती माइकं आन.” मग म्हणाले, “मागची बी आनि म्होरली बी, सगळी एकदमच घे. आनि घेतल्याव ऐकवायची ती ह्याच गाडीत. म्होरं कुनी बसायचं न्हाय.”

वाडी दिसू लागली तेव्हा मल्हारने बसूला फोन लावला.

“परवा येऊ नको. सगळं बरोबर आहे.”

“वायर उलटी हाय, बरोबर कसं असंल रे?” बसू मागून म्हणाला.

“तुला कन्नड येतं ना,” मल्हार म्हणाला, “म्हणून तसं वाटतंय.”