पाचशे फुटांची चूक

मी एक उंचीमापक. लहान विमानात, वैमानिकाच्या अगदी डोळ्यांसमोर बसवलेला. माझ्या पोटात एक पातळ डबी आहे. बाहेरच्या हवेचा दाब घटला की ती फुगते आणि माझा काटा वर चढतो. बस्स, एवढंच मला येतं. हवामान बिघडून दाब उतरला, तरी मला वाटतं आपण वरच चाललोय! म्हणून माझ्या कोपऱ्यात एक बटण आहे. रेडिओवरून दाबाचा नवा आकडा आला की ते फिरवून मला ताळ्यावर आणायचं असतं.

माझे मालक डोंगरापलीकडे औषधं पोचवायचे. निघताना मला नीट लावायचे, पण वाटेत कधी हात लावत नसत. "हा माझ्याशी खोटं बोलत नाही," म्हणायचे. खरं सांगतो, ऐकून मी फुशारून जायचो.

त्या दिवशी शेजारी त्यांची मुलगी होती, नुकताच परवाना मिळालेली. खिंड आठ हजार दोनशे फुटांवर, तिच्या तोंडाशी ढग. मी आठ हजार सहाशे दाखवत होतो.

रेडिओ खरखरला.

"बाबा, दाब खूप उतरलाय म्हणतायत. आकडा बदलू?"

"आता मध्येच नको गं. चारशे फूट हातात आहेत. वीस वर्षं जातोय मी इथून."

माझं धाबं दणाणलं. अहो, ऐका तिचं!

"रागवा हवं तर," म्हणत तिने बटण फिरवलंच. माझा काटा सरसर खाली आला. आठ हजार शंभर.

बाबांनी लगेच विमान वळवलं. दरीच्या उजव्या कडेने उडत होतो, म्हणून डावीकडे वळायला जागा तरी होती. विमान कलंडलं, मागची खोकी धडाधड आपटली. वळता वळता ढग विरळ झाला आणि खिंडीतले खडक दिसले. आमच्या वर.

तसेच माघारी आलो. उतरल्यावर बाबा पंखाखाली बसून राहिले. "तू नसतीस तर..." एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता तीच मला घेऊन उडते. बाबा पलीकडच्या धावपट्टीवर रेडिओपाशी बसतात. आकडा दोनदा सांगतात, वर पुन्हा विचारतात, "लावलास ना गं?"

"लावला हो बाबा! किती वेळा विचाराल?"

बाबा, ती चिडली तरी विचारत राहा. माझं चुकलं तर मला कळत नाही, आणि कळलं तरी ओरडता येत नाही.