चाकूरची काठवट टूवूम्बाला जाते

मी भाकरी थापायची काठवट बोलतेय. परात नव्हे. परात पत्र्याची असते, हातातून निसटली की घरभर बोंब ठोकते. मी कडुलिंबाच्या एका अखंड खोडातून कोरलेली आहे, ना सांधा ना खिळा, आणि उगाच तोंड उघडायची मला सवय नाही. सध्या माझा मुक्काम ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा नावाच्या गावी आहे. ते नाव मला धड घेता येत नाही आणि इथल्या लोकांना माझं घेता येत नाही, तेव्हा फिट्टंफाट झाली.

जन्म मात्र चाकूरचा. सुमनबाईंच्या दारातला लिंब एका वावटळीत आडवा झाला. फांद्या चुलीत गेल्या आणि खोड गेलं तय्यबभाई मिस्त्रींच्या दारात. त्यांनी वाकसानं तासून मला कोरलं, काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केलं आणि डोक्यावर घालून घरी आणून दिलं.

"लिंबाची लकडी हाय सुमनबाई, कडू हाय. कीडा पास न्हाई यायचा. तुमची बेटी बी वापरंल हिला."

पाळण्यात लुंबिनी झोपली होती. सुमनबाईंनी एकदा तिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "माझी लेक न्हाई वापरायची, तय्यबभाई. ती पुस्तक वापरंल."

मला तेव्हा जरा रागच आला होता. नव्या नवरीच्या तोंडावर कुणी म्हणावं की पुढच्या पिढीत तुझं काम नाही, तसं झालं. पण सुमनबाई शब्दाच्या पक्क्या निघाल्या. लुंबिनी पाच-सहा वर्षांची झाली आणि पिठात हात घालायला आली की त्यांचा पिठाचा पंजा तिच्या पाठीवर बसायचा. "हो माघारी! पाटी घे हातात." फ्रॉकवर पाठीमागं आईच्या पाच बोटांचा पांढरा ठसा घेऊनच ती शाळेत जायची.

लुंबिनीचे वडील लवकर गेले. सुमनबाई अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागल्या. पहाटे उठायचं, माझ्यात पीठ घ्यायचं, मळायचं, थापायचं. पहिली भाकरी सासूला, दुसरी लेकीला, आणि शेवटची फडक्यात बांधून आपल्याबरोबर. मग मला धुऊन, भिंतीला टेकवून त्या चालू लागायच्या. बाई एकटी असली की भांड्यांशी बोलते, हे तुम्ही पाहिलं असेल. मळता मळता त्या माझ्याशी बोलायच्या. घरात कुणाला माहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी माझ्या पोटात आहेत.

लुंबिनीनं खरंच पुस्तक वापरलं. लातूरला नर्सिंग झालं, नांदेडला नोकरी झाली, बिलोलीच्या नागसेनशी लग्न झालं. नागसेन डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टरचं पोट उघडून बसला की जेवणाची शुद्ध नसलेला माणूस. दोघांनी मिळून ऑस्ट्रेलिया गाठलं. ती तिथल्या दवाखान्यात आणि तो शेतीची यंत्रं दुरुस्त करायला. सुमनबाईंच्या सासूही तोवर गेल्या होत्या. चाकूरच्या घरात सुमनबाई आणि मी, एवढ्याच उरलो.

मागच्या खेपेला लुंबिनी सुट्टीवर आली ती एकच गोष्ट धरून बसली.

"माय, चल की तिकडं. तीन महिने तरी चल. एकटी काय करून राहिलीस हितं?"

"म्या न्हाई येत. तिथं भाकर मिळत न्हाई. म्या काय खाऊ?"

"मी करीन की!"

सुमनबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "तुला येती? आगं, तुला पिठाचा अन् राखंचा फरक कळत न्हाई. बरं, आसं कर. ज्या दिशी भाकर टम्म फुगवून फोनवर दाखवशील, त्या दिशी म्या येते. घे, काठवटच घेऊन जा."

लुंबिनीला वाटलं, आई वळली. मला मात्र खरं कारण माहीत होतं. निघायच्या सकाळी मला तेल चोळता चोळता सुमनबाई हळूच म्हणाल्या, "तिथं जाऊन म्या काय बघू बाई? दिवसभर पेशंटाचं करून आलेली पोर, अन् घरी आली की चुलीम्होरं हुबी? सारा जलम म्या तेच केलं. त्येच बघायला इमानात बसू? न्हाई यायची तिला भाकर, अन् न्हाई जायची म्या." हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. लेकीला भेटायची ओढ तर होतीच, पण तिचा संसार डोळ्यांनी बघायचं भय त्याहून मोठं होतं.

मग त्यांनी मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं. आणि बायांनी धान्याच्या कणगीत करावं तेच केलं: घड्यांमध्ये लिंबाचा मूठ-मूठ पाला घातला. वाटेत कीड लागू नये म्हणून. लेकीला सांगायचं काही कारणच नव्हतं. लिंबाचा पाला घातला हे काय सांगायची गोष्ट आहे?

ब्रिस्बेनच्या विमानतळावर ती सांगायची गोष्ट निघाली. लुंबिनीनं इमानदारीनं लिहून दिलं होतं की सामानात लाकडी वस्तू आहे. तपासनीसानं लुगडं सोडलं आणि टेबलभर पाला पसरला. त्यानं हात असा मागं घेतला, जणू साप निघाला. त्या देशात बाहेरचं पान, बी, माती आत येऊ देत नाहीत. कीड येईल म्हणून. ज्या कारणासाठी पाला घातला, त्याच कारणासाठी तो पकडला गेला. लुंबिनी घामाघूम. तपासनीसानं हातमोजे घातले, पानं एकेक करून पिशवीत भरली, मग बॅटरी लावून माझ्या रेषा तपासल्या, उलटी करून टकटक वाजवली, भुसा पडतो का बघितलं. इतक्या वर्षांत मला एवढं निरखून कुणी पाहिलं नव्हतं. लाजच वाटली. शेवटी तो लुंबिनीला म्हणाला, लाकडाचं तू आधीच सांगितलंस म्हणून या वेळी जाऊ देतो, आणि माझी सुटका झाली.

फोनवर हे कळल्यावर सुमनबाई भडकल्या. "लिंबाचा पाला धरला? आरं, त्यानंच तर कीड लागत न्हाई! एवढं कळत न्हाई त्या मानसाला?"

टूवूम्बातलं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. लुंबिनीनं भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं आणि मोठ्या उत्साहानं मला ओट्यावर मांडलं. गोळा केला, थापायला घेतली, आणि भाकरीच्या कडा अशा फाटल्या की विचारू नका. उचलली तर तिचे चार तुकडे. तव्यावर जे पडलं ते जळलं, धूर झाला आणि छतावरचा भोंगा कर्कश ओरडू लागला. नागसेन टॉवेल घेऊन त्या भोंग्याला वारा घालतोय, लुंबिनी खिडक्या उघडतेय, आणि तेवढ्यात दारावर थाप. खालच्या मजल्यावरची म्हातारी विचारत होती, तुम्ही भिंतीत खिळे ठोकताय का? आमची थपथप तिच्या डोक्यावर पडत होती.

लुंबिनी नेट लावून बसली. दवाखान्यातून आली की पाय धुवायच्या आधी माझ्यापुढं. पण हाताला सवय नाही, आणि दिवसभर रोग्यांना उचलून मनगटं दुखरी. एक दिवस ती पिठाच्या हातानंच भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. "मी माणसाची शीर अंधारात शोधू शकते, पण माझ्या आईला एक भाकर करून घालू शकत नाही!"

त्या दिवशी तिनं आईला फोनवर तुकडे दाखवले. सुमनबाईंनी नुसतं बघून सांगितलं, "पिठाची विरी गेलीय, चिकटपणाच ऱ्हायला न्हाई. दुकानातलं जुनं पीठ हाय ते. ताजं दळलेलं पायजे." सांगताना त्यांचा चेहरा मला दिसत होता. ताजं पीठ कुठलं मिळतंय तिथं, असा निर्धास्त चेहरा.

पण टूवूम्बाच्या भोवती काळी जमीन आहे. अगदी आपल्यासारखी, उन्हात भेगाळणारी. आणि त्या जमिनीत मैलोन् मैल काय उभं असतं? ज्वारी! लाल कणसांची. नागसेन ग्रॅहम नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं यंत्र दुरुस्त करायला गेला, मळणी चालू होती, आणि हा गडी बांधावर उभा राहून हसतच सुटला. ताज्या पिठासाठी सारं गाव पालथं घातलं आणि ज्वारी गावाच्या कुशीला. ग्रॅहमला त्यानं पिशवीभर ज्वारी मागितली. ग्रॅहम म्हणाला, ने की, पण गाई कुठं पाळल्यायस? आम्ही तर ही गुरांना घालतो. नागसेननं सांगितलं, आमच्याकडं सासूबाई येणार आहेत. यावर ग्रॅहमनं टोपी मागं सारून त्याच्याकडं बघितलं आणि पिशवी शिगोशीग भरली.

नागसेननं ज्वारी निवडली, धुऊन वाळवली, मिक्सरमध्ये दळली, चाळली. लुंबिनी रात्रपाळी करून झोपली होती, म्हणून त्यानं म्हटलं, एकदा आपणच बघू. पहिल्यांदा मला कसंसंच झालं. इतकी वर्षं बांगड्यांचा आवाज ऐकलेला, आणि आता हे केसाळ, रुंद हात. पण मेकॅनिकचा हात होता तो. किती जोर द्यायचा आणि कुठं थांबायचं, हे त्याला कळत होतं. ताजं पीठ विरीला आलं. दोन भाकऱ्या बिघडल्या, तिसरी गोल झाली. घरातला भोंगा ओरडू नये म्हणून त्यानं तवा गच्चीतल्या गॅसच्या शेगडीवर ठेवला, जिच्यावर इथली माणसं सुट्टीच्या दिवशी मांस भाजतात. भाकरी जाळावर गेली आणि पुरीसारखी टम्म फुगली. लुंबिनीला त्यानं झोपेतून ओढत आणून दाखवली.

लुंबिनी आधी नाचली, मग खट्टू झाली. "पण अट माझ्या हातची होती ना?"

"मग फोन नुसता तव्यावर धर की," सासूला मामी म्हणणारा नागसेन म्हणाला. "मामींना काय कळतंय?"

झालं. रविवारी फोन लागला. लुंबिनीनं तवा, जाळ आणि भाकरी दाखवली; नागसेनचा हात फक्त मनगटापर्यंत. भाकरी फुगली. पलीकडं सुमनबाई फोन डोळ्यांपाशी नेऊन बघत राहिल्या.

"लाल का गं दिसती? बहात्तरच्या दुष्काळातली मिलो ज्वारी हाय व्हय? म्या पोर आसताना रेशनवर तसलीच मिळायची."

"इथली ज्वारी अशीच असती माय. पण फुगली का नाही? ये आता!"

पलीकडून आवाज आला, अगदी सावकाश. "लुंबिने, ह्या हाताच्या नखात काळं ऑईल हाय."

लुंबिनीनं चमकून नागसेनकडं बघितलं आणि हातातला फोनही वर उचलला गेला. पिठानं माखलेला, कपाळावर घाम आलेला नागसेन समोर.

"पावनं? तुमी?"

"हाव मामी," नागसेन खाली बघत म्हणाला. "तिची ड्युटी लई असती. म्या करून राहिलो."

लुंबिनीला वाटलं, संपलं सगळं. खोटं पकडलं गेलं, आता आई जन्मात येत नाही. ती काहीतरी बोलायला गेली. तेवढ्यात सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, ते मला अजून सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

"काडा तिकीट," त्या म्हणाल्या. "म्या येते."

काल त्या आल्या. पाला नाही, लोणचं नाही, बियाणं नाही. सामानात चार लुगडी. "त्यो मानूस पुन्हा भेटला आन् काय धरलं म्हंजी?" म्हणाल्या. घरात शिरल्या आणि हात धुऊन थेट माझ्याकडं. माझ्या काठावरून हात फिरवला, पिठाच्या डब्याचं झाकण उघडलंसुद्धा.

"बसा मामी," नागसेन म्हणाला आणि डबा काढून घेतला.

त्या बसल्या, पण बसता येईना. खुर्चीच्या टोकाला, अर्ध्या उठलेल्या. समोर ताटात पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी. नागसेननं गच्चीतून लाल भाकरी आणली, जाळावरची, आणि थेट त्यांच्या ताटात टाकली. सवयीनं त्यांनी ती उचलून लेकीच्या ताटात सारली. लुंबिनीनं परत त्यांच्या ताटात ठेवली.

"खा की माय. निवंल."

सुमनबाईंनी भाकरी मोडली. पापुद्र्यातून वाफ निघाली आणि बोटाला चटका बसला. त्यांनी हात झटकला, बोट तोंडात घातलं आणि त्या वाफेकडं बघतच राहिल्या. हजारो भाकऱ्या मी त्यांच्या हाताखालून गेलेल्या पाहिल्या आहेत. पण त्यांच्या वाट्याची, शेवटची, नेहमी फडक्यात बांधलेली असायची.

"आगं," त्या लुंबिनीला म्हणाल्या, "भाकर एवढी गरम आसती व्हय?"

नागसेन दुसरी थापायला वळला. माझ्या काठाला आता बारीक चीर गेली आहे, इथल्या कोरड्या हवेनं. तेल मिळालं तर अजून काही वर्षं निघतील. जाता जाता एवढंच मागते. तुमच्या घरात जी थापते, तिला आज एकदा आधी बसवा.