झुंबरबाईचा सूर

"एवढंसं नको, मावशी. चांगलं मोठं उघडा तोंड."

झुंबरबाईने ओठांवरचा पदर जरासा हलवला आणि पुन्हा घट्ट धरला. लोणावळ्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ बसल्या. दाराशी तिचा नवरा कोंडाजी उभा होता.

"वास येतोय न्हवं," ती पदराआडून म्हणाली. "म्हून तर समद्यांपासनं लांब ऱ्हाते."

मळवलीच्या खाचरांत आवणीची गाणी झुंबरबाईच सांगायची. तिने ओळ टाकायची, मग भात लावणाऱ्या बायकांनी ती उचलायची. पण हिरड्या सुजल्या, भाकरीच्या घासाला रक्त लागू लागलं, आणि गेल्या आवणीत ती कडेला एकटीच मुकाट्याने रोपं लावत राहिली. बायकांना वाटलं, हिला गर्व चढला.

डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढे आरसा धरला. "हे पिवळं, दगडासारखं दिसतंय ना? हे कीटण. त्याखाली घाण साचते, हिरडी सुजते आणि दाताला सोडते. मी ते खरवडून काढते. पण मशेरी सोडावी लागेल."

"मशेरीनं तर दात घट ऱ्हात्यात!"

"नुसता ठणका दबतो, मावशी. हिरडी आतून कुजतच जाते."

"सोडंल ती," कोंडाजी दारातून म्हणाला. "म्या बी सोडतो. आत्ता, हितंच." त्याने कनवटीची डबी काढून टेबलावर ठेवली.

झुंबरबाई बघतच राहिली. लग्नाआधीपासून या माणसाची सकाळ मशेरीशिवाय उजाडली नव्हती.

खालचा पुढचा एक दात पार हलत होता, तो काढावा लागला. बाकीचे वाचले. पहिले काही दिवस दोघंही तलफेने चिडायची, भांडायची आणि मग शेजारी बसून कोमट मिठाच्या पाण्याने खळखळून चुळा भरायची. कोंडाजी बाभळीच्या कोवळ्या काड्या आणायचा. त्या चावून मऊ करायच्या, हलक्या हाताने दात घासायचे. चैत्र सरेपर्यंत रक्त थांबलं, हिरड्या आवळून आल्या.

आषाढात झुंबरबाई खाचरात उतरली ती थेट रांगेच्या मधोमध.

"काय गं, औंदा आमच्यात?" शालूबाईने विचारलं.

"व्हय. सरक तिकडं."

तिने ओळ टाकली. काढलेल्या दाताच्या फटीतून प्रत्येक 'स' शिट्टी घालत बाहेर आला. रांग थबकली. आधी झुंबरबाईच हसली, हातातली रोपं चिखलात पडेपर्यंत हसली. मग तिने तीच ओळ पुन्हा टाकली, आणि शालूबाईसकट साऱ्या बायकांनी ती शिट्टीसकट उचलली.