टबातलं पाप

रांग पार जिन्यापर्यंत आली होती. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाची कातडी सोलवटलेली, कुणाचे केस मुठीमुठीने गळलेले. दुकानांच्या वरच्या त्या हॉलमध्ये सगळे एकाच माणसाच्या तोंडाकडे टक लावून बसले होते. पाणीबाबा! पांढरे कपडे, विंचरलेली दाढी आणि आवाज असा, की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. समोर प्लास्टिकचा टब, टबात स्वच्छ पाणी, पाण्यात एक डबी आणि डबीची वायर टेबलावरच्या पेटीत गेलेली. त्या पेटीला ऊर्जापेटी म्हणायचं. नुसतं पेटी म्हटलेलं बाबांना खपत नसे.

टबात पाय सोडून मासोळी बसली होती. चालायच्या आधी पोहायला शिकली असं घरचे म्हणत, म्हणून हे नाव पडलं. मोठेपणी ती तलावावर मुलांना पोहायला शिकवू लागली तेव्हा ते तिला शोभलंही. आता तिची बोटं सुजली होती आणि दोन्ही गालांवर लाल चट्टा उठला होता. मागे तिची आई उभी होती. कोपऱ्यावरची लॉन्ड्री तिची, म्हणून सगळ्या गल्लीत ती लॉन्ड्रीवाली.

"डॉक्टर काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"ल्युपस म्हणाले. शरीर स्वतःवरच उलटतं म्हणे."

"उलटेलच!" बाबा खुशीत आले. "पण त्याला उलटायला शिकवलं कुणी? ते नाही सांगितलं डॉक्टरांनी? कसं सांगणार, पुस्तकात नाही ना ते! मी सांगतो. तुमच्या घरात अबोला कुणी धरला होता?"

लॉन्ड्रीवालीला तो उन्हाळा आठवला. मासोळीने ऑफिसातली बरी नोकरी सोडून तलावावरचं काम धरलं, तेव्हा तिने पोरीशी बोलणं टाकलं होतं. सगळा उन्हाळाभर. ताट वाढायची, कपडे इस्त्री करून पलंगावर ठेवायची, पण तोंडातून शब्द नाही. उन्हाळा सरता सरता पोरीचे सांधे धरले. आता, ज्या घरात कधीच कुणी अबोला धरला नाही असं घर बाबांनी शोधून दाखवलं असतं तर तो खरा चमत्कार म्हणायचा. पण हे तिला कुणी सांगावं? ती तिथेच, भर हॉलमध्ये, हमसाहमशी रडायला लागली.

"मीच, बाबा. मीच धरला होता."

हॉलभर हळहळ पसरली. बाबांनी टबात मूठभर मंतरलेलं मीठ टाकलं, मासोळीच्या मांडीवरून टबापर्यंत पांढरं कापड सोडलं आणि बटण दाबलं. बऱ्याच वेळाने कापड दूर केलं तर पाणी तांबडंलाल, वर मळकट फेस.

"पाहा! आईच्या मनातलं विष लेकीच्या तळव्यातून निघालं! आता ऐका. डॉक्टरांच्या त्या गोळ्या विषाला आत दाबतात, त्या बंद. आणि रोज भर उन्हात बसायचं. उरलेलं विष सुकून जाईल."

मुलीचं भलं होत असेल तर आई काय करणार नाही? लॉन्ड्रीवालीने बाबांचे डागाळलेले टॉवेल धुऊन द्यायचीही सेवा मागून घेतली.

ते टॉवेल तिने दुकानात आणून भिजवले. अंगाच्या मळाला लावतात तो साबण लावला, घासले, उकळले. डाग ढिम्म हलेना. मग दुसराच काहीतरी विचार करत असताना तिचा हात आपसूक फळीवरच्या एका बाटलीकडे गेला. गंजाचे डाग काढायचं औषध. दोन थेंब पडले आणि डाग डोळ्यांदेखत विरघळला. ती क्षणभर बघत राहिली. अर्धं आयुष्य लोकांच्या चादरींवरचे डाग ओळखण्यात गेलं होतं तिचं. डाग बघून माणूस काय जेवला ते ती सांगायची. पण त्या दिवशी ती मनाशी म्हणाली, विषही जात असेल याने. आणि बाटली परत जागेवर ठेवली. कारण तो डाग गंजाचा असला तर बाबा खोटे ठरत होते, आणि बाबा खोटे ठरले तर पाप धुऊन काढायची सोयच उरत नव्हती.

गच्चीवर खुर्ची तिनेच नेऊन ठेवली.

"आई, डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलंय गं," मासोळी म्हणाली. "सोसत नाही मला."

"माझ्यासाठी बस. बस ना बाळा."

आणि मासोळी बसली. आई पुन्हा बोलायला लागली होती, शेजारी बसून केसांतून हात फिरवत होती. पोरीला तेवढंच हवं होतं.

दर रविवारी टब ठरलेला. एका रविवारी पाणी आणखीच काळपट झालं. "आज मूळ निघालं!" बाबा गरजले, लोकांनी हात जोडले. त्याच दिवशी घरी येताना मासोळी जिन्यातच खाली बसली. चेहरा सुजलेला, पाय खांबासारखे, अंगात ताप.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या पाहिल्या आणि चष्मा काढला. "मूत्रपिंडांना सूज आलीये. गोळ्या का बंद केल्या?"

लॉन्ड्रीवालीने सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "माझ्या अबोल्यामुळेच झालं ना हे?"

"नाही हो. आधी बसा." डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "या आजाराचा कल बऱ्याचदा जन्मतःच असतो. मग काहीतरी ठिणगी पडते. कडक ऊन, एखादा जंतुसंसर्ग, काही औषधं, सिगारेटचा धूर, शरीरातले हार्मोनचे बदल. पुष्कळदा नेमकं काय झालं ते आम्हालाही कळत नाही. मनावरच्या ताणाने आजार उसळू शकतो, हे खोटं नाही. पण घरातल्या एका भांडणावर बोट ठेवून 'यानेच झालं' असं कुणीच सांगू शकत नाही. आणि सांगणारा असला, तर त्याला तुमच्याकडून काहीतरी हवंय."

"म्हणजे माझा दोष नाही?"

खोटं बोलणं डॉक्टरीणबाईंना जमत नसावं. "आजार झाला यात नाही. गोळ्या बंद केल्या आणि उन्हात बसवलं, त्याने तो उसळला. ते तुमच्या हातून झालं."

लॉन्ड्रीवाली पलंगाशी येऊन बसली. न केलेल्या पापाचं प्रायश्चित्त घेता घेता तिने खरं पाप करून ठेवलं होतं, आणि ते कुठल्याच टबात निघण्यातलं नव्हतं.

मासोळीने हळूच तिचं बोट धरलं. "आई, एक सांगू? त्या शेवटच्या रविवारी पाणी झोंबायला लागलं, म्हणून मी कापडाखालून पाय बाहेर काढले होते. अगदी सुरुवातीलाच."

"मग पाणी?"

"झालं की तरीही. सगळ्यांत काळं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू माझा खांदा धरून रडत होतीस. म्हणत होतीस, आता सुटले गं मी." मासोळीने मान फिरवली. "कसं बोलणार?"

त्या वाक्याने लॉन्ड्रीवालीला जे लागलं ते बाबांच्या कुठल्याच शापाने लागलं नसतं.

पुढच्या रविवारी ती हॉलमध्ये शिरली ती दुकानातला नवा टब, पाण्याची बादली, खांद्यावर एक धुतलेला टॉवेल आणि ती गंजाच्या औषधाची बाटली घेऊन. बाबांना काही सुचायच्या आत तिने खाली बसून पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं, डबी त्यात सोडली आणि बटण दाबलं. टबात कुणाचेही पाय नव्हते.

"हे काय चालवलंय? बंद करा!" बाबा ओरडले. "उठवा त्यांना!"

"बसू द्या की," रांगेतला एक म्हातारा म्हणाला. "बघू तरी."

सगळे बघत राहिले. पाणी पिवळं झालं, मग तांबडं, मग वर फेस आला.

"बाबा, हे पाप कुणाचं?"

"हॉलमधल्या सगळ्यांचं! हवेतून येतं!"

"मग पाय कशाला बुडवून घेता?" मागून कुणीतरी विचारलं, आणि हशा पिकला.

लॉन्ड्रीवालीने पेटी बंद करून डबी उघडली. आतल्या लोखंडी पट्ट्या कुरतडल्यासारख्या झिजल्या होत्या. "मिठाच्या पाण्यात लोखंड, त्यात वीज. लोखंड गंजतं आणि पाणी लाल होतं. मीठ जास्त टाकलं की आणखी काळं. हा त्याचाच डाग." तिने बाबांचा एक डागाळलेला टॉवेल उलगडला, बाटलीतलं औषध शिंपडलं. डाग फिका होत होत गेला. "पाप असं जातं होय? मला हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. माझा तर धंदाच हा. पण मी बघितलं नाही, कारण मला दोषी व्हायचं होतं. दोषी झालं की उपाय हातात आल्यासारखा वाटतो."

बाबा मागच्या दाराने कधी सटकले ते कुणाला कळलंच नाही. ऊर्जापेटी तेवढी राहिली.

गर्दी पांगली नाही. एक बाप मुलाला कडेवर घेऊन पुढे आला. मुलाचे गुडघे सुजले होते. "ताई, मग याला जे झालंय ते कुणामुळे?"

"कुणामुळेच नाही, दादा. आजार झाला म्हणजे घरात कुणीतरी गुन्हेगार असलाच पाहिजे असं नसतं. याच्या गोळ्या चालू आहेत ना?"

बापाने खाली बघितलं.

"बंद केल्यात?"

त्याने मान डोलावली. लॉन्ड्रीवाली त्याच्या जवळ गेली. "माझी लेक हॉस्पिटलात आहे. मूत्रपिंडं वाचतील का, अजून नक्की सांगत नाहीत. हात जोडते तुम्हाला, सगळ्यांनाच. डॉक्टरांना प्रश्न विचारा, दहादा विचारा, नाही पटलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. पण जो माणूस तुमच्या मनातली टोचणी शोधून तिच्यावर बोट ठेवतो, त्याला औषध कळत नाही. त्याला फक्त तुम्ही कळता. उठा दादा, आत्ता उठा. याला घेऊन चला, मी तिकडेच निघालेय."

बापाने मुलाला खांद्यावर घेतलं. बाहेर कडक ऊन होतं. लॉन्ड्रीवालीने खांद्यावरचा धुतलेला टॉवेल झटकला, मुलाच्या डोक्यावर टाकला आणि त्यांच्या पुढे जिना उतरू लागली.