पुठ्ठ्यातलं पान

भवानी पेठेत शिवलीला रद्दीतल्या कॉमिक्सपासून खिशात मावणाऱ्या डायऱ्या बनवते. तिची रीत ठरलेली. चकचकीत राक्षस आणि राजकन्या वर, मुखपृष्ठाला. सुटी, फाटकी पानं खळ लावून एकावर एक चिकटवायची, त्यांचाच पुठ्ठा. पाठीला चादरीच्या कापडाची पट्टी. लोक म्हणतात, काय कल्पक बाई! कल्पक कसली? ती भावासाठी एक पान शोधत होती.

धाकटा गुरुलिंग तापानं गेला तेव्हा त्याच्या उशाशी असंच रद्दीतलं कॉमिक होतं. गुहेत वाट चुकलेल्या पोराची गोष्ट. हातातली मशाल विझते आणि नेमकं शेवटचं पानच गायब. "अक्का, पुढं काय झालं?" तापातही त्याचं तेच. "शोधून आणते की," असं तिनं त्याला सांगितलं होतं. पान मिळायच्या आत तो गेला.

गेला आपलं म्हणायचं. रोज दुपारी पेठ जेवून आडवी झाली की माळ्यावरून आवाज यायचा, "अक्का, पुढं काय झालं?" शिवलीलाचे केस पांढरे व्हायला लागले, तो आवाज मात्र तसाच कोवळा. तिनं कुणाला सांगितलं नाही. आई काशम्मा शेजारीच पट्ट्या कापत बसायची. म्हातारीच्या जिवाला घोर कशाला?

परवा सात रस्त्यावरचा दुकानदार अनिलकुमार एक डायरी परत घेऊन आला. गिऱ्हाइकाच्या पिशवीत पाणी सांडून पुठ्ठा पार फुगला होता. "ताई, दुसरी द्या," म्हणाला आणि नवी घेऊन गेला. शिवलीलानं पुठ्ठ्याच्या सुटलेल्या थरात नख घालून एक पान सोडवलं. तीच गुहा, तेच पोरगं. अख्खी कॉमिक्स ती डोळ्यांत तेल घालून चाळायची आणि सुटी पानं न वाचताच खळीत बुडवायची. अगं बाई, हरवलेलं पान सुटंच असणार, एवढं कळू नये?

"अक्का, पुढं काय झालं?"

तिनं पान पदराखाली लपवलं. सांगितलं तर तो जाईल. इतक्या वर्षांची सोबत अशी हातानं संपवायची? तिला रडूच फुटलं.

"सांग की गं त्याला," मान वर न करता काशम्मा म्हणाली. "किती ताटकळत ठेवशील लेकराला? मलाबी ऐकू येतंय. पहिल्यापासनं."

शिवलीलानं पदराखालचं पान बाहेर काढलं. मग ती मोठ्यानं वाचू लागली. पोरगं भिंत चाचपत पुढं सरकतं, लांबवर उजेड दिसतो, आणि... शेवटचं चित्र खळीबरोबर सोलून निघालं होतं. तिथं नुसता पांढरा डाग.

माळ्यावर कुणीतरी श्वास रोखून ऐकत होतं. त्याला पुन्हा अर्ध्यात सोडणं तिच्यानं होईना.

"मग ना," ती गहिवरून म्हणाली, "ते पोरगं गुहेतून सुटलं आणि थेट घरी आलं. आई आणि अक्का त्याची वाटच बघत होत्या."

माळा शांत झाला. काशम्मानं डोळे टिपले. शिवलीलाला आधी हलकं वाटलं आणि मग घर फार रिकामं वाटलं. पातेल्यातली खळ सुकत चालली होती.

तेवढ्यात दारावर थाप पडली. अगदी खाली, लहान मुलाचा हात पोचेल तिथं.

आपण काय सांगून बसलो ते शिवलीलाला तेव्हा कळलं. तिनं आईचा हात धरायला हात पुढं केला, पण काशम्मा केव्हाच उठली होती.

"आले रे बाळा," ती म्हणाली आणि तिनं कडी काढली.