महिपतचं पुढचं चाक

सयाजीने पुढच्या चाकाचं हब, म्हणजे मधला तुंबा, उघडला, तर आतले छर्रे अर्धेअधिक फुटलेले. ज्या वाटीत ते फिरतात ती वाटीही खरवडून निघालेली. महिपतची बायको ठकूबाई त्याच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर बसून बघत होती. महिपत तिकडे खुबा मोडून दवाखान्यात पडला होता. नाते गावाहून दुधाचे कॅन घेऊन महाडला येताना उतारावर पुढचं चाक एकाएकी जाम झालं आणि म्हातारा हँडलवरून फेकला गेला. डॉक्टर म्हणाले, सायकल आता विसरा.

वर्षभरात हे हब तिसऱ्यांदा गेलं होतं. पहिल्या खेपेला सयाजीने छर्रे बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या, दुसऱ्या खेपेला पुराच्या गाळाला. महाडात एवढा मोठा पूर येऊन गेला, त्याच्या माथी काहीही मारता येतं. पण आज ग्रीस स्वच्छ होतं, छर्रे त्यानेच निवडून घातलेले. आता दोष द्यायचा कुणाला? छर्रे दाबून धरणारा कोन, म्हणजे आसावरचा शंकूसारखा नट, फाजील आवळला गेला होता, आणि आवळला होता तो याच हातांनी.

हे काम डोळ्यांचं नाही हो, बोटांचं. कोन आवळायचा आणि जरासा मागे घ्यायचा. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. किती मागे घ्यायचा ते बोटांनाच कळतं, आणि सयाजीच्या बोटांचं पंचक्रोशीत नाव होतं. साखरेच्या दुखण्याने ती कधीच बधीर झाली होती. त्याने ते बायकोलासुद्धा कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर दुकानाची पायरी कोण चढलं असतं?

ठकूबाई आपली सांगत होती. मुंबईचा मुलगा म्हणतो, सायकल भंगारात घाला. पण म्हशी काय दूध द्यायच्या थांबतात? कॅन अडकवून ती स्वतःच सायकल ढकलत आणणार होती.

"ह्यांनी बजावलंय," ती म्हणाली, "सयाजीबिगर कुनाचा हात लागू द्यायचा नाय."

सयाजीने पाना खाली ठेवला.

"वयनी, छर्रे चांगलेच व्हते. माजी बोटं मेलीत. माज्यामुळं पडला तो."

ठकूबाईने त्याच्या बोटांकडे बघितलं.

"तुमाला कवा कळलं, भावजी?"

"पैल्यांदा चाक घेऊन आलात तवाच."

तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती नुसता पदर खोचून उठली. सयाजीने चाक काखोटीला मारलं, ती सायकलचं पुढचं टोक उचलून धरत मागून निघाली.

पेठेच्या टोकाला राजेशचं सायकलचं दुकान होतं. राजेश सयाजीच्याच हाताखाली शिकलेला. उस्ताद आलेले बघून तो गडबडीने उठला आणि त्याने आपला पाना पुढे केला. सयाजीने तो घेतला नाही. "तूच बसव," म्हणाला, आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसला. बाकावर आणखी जागा होती, तरी ठकूबाई बाहेर उन्हातच उभी राहिली.